खंडोबाचा किडा व पाणविंचू : दोन शिकारी कीटकांची तुलना

परिसर अभ्यासाच्या तासाला कीटकांचा पाठ आला म्हणजे सहा पाय, शरीराचे तीन भाग, डोक्यावर दोन शृंगिका अशी यादी मुलांकडून म्हणवून घेतली जाते. ही यादी बरोबर असते व ती मुलांना यावयासही हवी. परंतु यादी पाठ असलेला मुलगा तळ्याच्या काठी गेला आणि त्यास एखादा कीटक दिसला, तर तो त्यास ओळखीलच असे सांगता येत नाही. वस्तू पाहणे आणि वस्तूविषयीचे वाक्य म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहण्याची सवय लावण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे तुलना. एकच प्राणी समोर ठेवला तर मूल त्याच्याकडे क्षणभर पाहते व नजर फिरविते. दोन प्राणी शेजारी ठेवून यांत सारखे काय आणि वेगळे काय, असे विचारले की तेच मूल दहा मिनिटे हलत नाही.

अशा तुलनेसाठी खेड्यातील शिक्षकास पैसा न खर्चता मिळणारी उत्तम जोडी म्हणजे खंडोबाचा किडा आणि पाणविंचू. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही दोन्ही गावाच्या शिवारात सापडतात. पहिला कुंपणाच्या झुडपांवर, ज्वारीच्या ताटांवर, गवतात. दुसरा तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात, डबक्यात, भातखाचरात व संथ ओढ्यात. एक कोरड्यावरचा, दुसरा पाण्यातला. दोघेही शिकारी. आणि दोघांच्याही बाबतीत लोकांनी ठेवलेले नाव व कीटकाचे खरे स्वरूप यांत मोठे अंतर पडलेले आहे.

नावांची गोष्ट

खंडोबाचा किडा पुढचे दोन पाय छातीशी दुमडून, मान किंचित वर करून निश्चल बसतो. पाहणारास तो हात जोडून बसलेल्या भक्तासारखा भासतो. म्हणून त्यास प्रार्थना-कीटक असेही म्हणतात. ही कल्पना केवळ आपल्याकडचीच नव्हे. ग्रीक भाषेत ‘मँटिस’ या शब्दाचा अर्थ भविष्य सांगणारा, द्रष्टा असा आहे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कीटकाच्या एका जातीस जे लॅटिन नाव दिले, त्याचाही अर्थ धर्मशील असाच होतो.

पाणविंचवाच्या वाट्यास याच्या उलट नाव आले. तो चपटा, चिखलाच्या रंगाचा असतो. पुढचे दोन पाय विंचवाच्या नांग्यांसारखे पुढे काढलेले असतात आणि मागे एक लांब शेपूट दिसते. त्याच लिनीअसने त्याच ग्रंथात युरोपातील पाणविंचवास ‘नेपा’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये नेपा म्हणजे विंचूच. मराठीत तर पाणविंचू हे नाव उघडच आहे.

अशा रीतीने एकास साधूचे नाव मिळाले व दुसऱ्यास विंचवाचे. प्रत्यक्षात पहिला प्रार्थना करीत नाही आणि दुसरा शेपटीने डंख मारीत नाही. दुमडलेले हात हे शिकारीसाठी सज्ज ठेवलेले हत्यार आहे आणि लांब शेपूट ही श्वास घेण्याची नळी आहे. या दोन वाक्यांपर्यंत मुलांनी स्वतः पाहून यावे, हा या पाठाचा उद्देश ठेवता येईल.

एकच हत्यार

दोन्ही कीटकांचे पुढचे पाय बारकाईने पाहिले असता त्यांची रचना विलक्षण सारखी आढळते. पायाचा मांडीसारखा भाग जाड व बळकट असतो. त्याच्या पुढचा नडगीसारखा भाग मांडीवर घडी घालून अगदी चपखल बसतो. घरातील अडकित्ता मिटला असता जसा दिसतो, तशीच ही रचना होय. अडकित्त्याच्या दोन दांड्यांत सुपारी सापडावी, तसा या दोन भागांत भक्ष्य सापडतो. खंडोबाच्या किड्याच्या मांडीवर व नडगीवर काट्यांच्या रांगा असतात, त्यामुळे पकडलेला नाकतोडा कितीही झटापट करो, सुटत नाही. पाणविंचवाच्या मांडीत एक खोबण असून नडगी तीत मिटते. तिच्या पकडीतून डासाची अळी किंवा बेडकाचे शेपटीवाले पिल्लू निसटू शकत नाही.

शिकारीची पद्धतही एकच आहे. दोघेही भक्ष्याच्या पाठीमागे धावत नाहीत. एका जागी दबा धरून बसावयाचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालावयाची, हा दोघांचाही क्रम. खंडोबाच्या किड्याची झडप एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात पुरी होते. मुलांनी ती पाहण्याचा प्रयत्न केला तर त्यांस आधी मोकळा नाकतोडा आणि नंतर पकडलेला नाकतोडा एवढेच दिसेल. मधली क्रिया डोळ्यांस दिसत नाही.

दबा धरणारास लपता आले पाहिजे. म्हणून दोघांचेही रंग आपापल्या जागेशी जुळते आहेत. खंडोबाचा किडा हिरवा किंवा वाळलेल्या गवतासारखा तपकिरी असतो. तो चालताना मागेपुढे झुलतो, तेव्हा वाऱ्याने पान हलावे तसा भास होतो. पाणविंचवाच्या अंगावर चिखल व शेवाळ बसलेले असते आणि तळाशी पडलेल्या कुजक्या पानांत तो ओळखू येत नाही. पाण्यात राहूनही तो फारसा चांगला पोहणारा नव्हे. तो बहुधा तळावरून किंवा पाणवनस्पतींवरून सावकाश चालतो. ज्याला पाठलाग करावयाचा नाही त्याला वेगाने पोहण्याची गरजही पडत नाही.

तोंडाचा फरक

येथपर्यंत साम्य पाहून झाल्यावर मुलांचे लक्ष तोंडाकडे वळवावे. दोघांमधील खरा भेद येथून सुरू होतो.

खंडोबाच्या किड्यास चावून खाण्याचे जबडे असतात. तो भक्ष्य पुढच्या पायांत धरून कुरतडू लागतो आणि मऊ भाग चावून संपवितो. खाली नाकतोड्याचे पंख व पाय तेवढे पडलेले सापडतात. पाणविंचवास असे जबडे नसतात. त्याचे तोंड म्हणजे एक छोटी, टोकदार सोंड असते. ती तो भक्ष्याच्या शरीरात खुपसतो व आपली लाळ आत सोडतो. लाळेमुळे भक्ष्य निश्चेष्ट होते व त्याच्या आतील भागाचा रस बनू लागतो. तो रस पाणविंचू शोषून घेतो आणि रिकामे कवच टाकून देतो.

म्हणजे एक चावून खातो, तर दुसरा पिऊन जगतो. पायांची रचना सारखी असताना तोंडाची इतकी वेगळी का, हा प्रश्न मुलांपुढे टाकून त्याचे उत्तर थोडा वेळ राखून ठेवावे.

श्वास कसा घेतात?

पाण्यात राहणारा प्रत्येक प्राणी माशासारखा पाण्यातूनच प्राणवायू घेतो, अशी मुलांची सर्वसाधारण समजूत असते. पाणविंचू ती समजूत दूर करण्यास फार उपयोगी पडतो.

कीटकांस आपल्यासारखी फुप्फुसे नसतात. त्यांच्या शरीराच्या बाजूंस लहान लहान छिद्रे असतात व तेथून हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यातून शरीरभर खेळते. खंडोबाच्या किड्याची व्यवस्था अशीच आहे, आणि तो उघड्या हवेत राहत असल्यामुळे त्याला निराळी काही सोय करावी लागत नाही. पाणविंचवाचे शरीरही हवेवरच चालते. परंतु तो राहतो पाण्याखाली. ही अडचण त्याच्या शेपटीने सोडविली आहे. ते शेपूट दोन लांब अर्धनळ्यांचे बनलेले असते. दोन पन्हळी एकमेकींच्या तोंडास तोंड लावून ठेवल्या म्हणजे जशी बंद नळी तयार होईल, तशी त्या दोन अर्धनळ्यांची एक नळी होते. पाणविंचू उथळ पाण्यात बहुधा डोके खाली करून राहतो आणि नळीचे टोक पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवितो. तेथून हवा आत येते व काही हवा पंखांखाली साठवूनही ठेवली जाते. पाणी आत शिरू नये यासाठी पाणी दूर लोटणारे बारीक केस असतात.

आपल्याकडील तळ्यांत दोन आकारांचे पाणविंचू आढळतात. एक पानासारखा चपटा; त्यास शास्त्रात लॅकोट्रेफिस म्हणतात. त्याचे शरीर साधारण तीन-चार सेंटीमीटर असते व नळीही चांगली लांब असते. दुसरा काडीसारखा बारीक व लांब. त्याचे नाव रॅनॅट्रा. हा दुसरा प्रकार तर पाण्यात पडलेल्या खंडोबाच्या किड्यासारखाच दिसतो.

येथे एक मौजेची गोष्ट मुलांना दाखविता येईल. क्युलेक्स व एडिस या डासांच्या अळ्याही शरीराच्या मागील टोकास असलेल्या लहानशा नळीने पृष्ठभागावरील हवा घेतात. म्हणजे डबक्यातील भक्षक व भक्ष्य दोघेही नळीनेच श्वास घेतात. डासांच्या नाशासाठी पाण्यावर तेलाचा तवंग सोडला की अळ्या का मरतात हे यावरून समजते; आणि त्याच तवंगाने अळ्या खाणाऱ्या पाणविंचवाचाही श्वास का कोंडतो, हेही समजते.

डोळे, कान व पाण्याचा अंदाज

खंडोबाच्या किड्याचे डोके त्रिकोणी असून ते तो इकडे तिकडे सहज वळवू शकतो. कीटकांत ही गोष्ट विरळा. मूल बरणीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूस गेले की किड्याचे डोके त्याच्याबरोबर वळते आणि मुलांस फार नवल वाटते. डोक्याच्या दोन कोपऱ्यांत दोन मोठे संयुक्त नेत्र असतात, आणि शृंगिकांच्या जवळ तीन लहान साधे डोळे. दोन मोठे डोळे एकाच वेळी पुढे रोखून तो भक्ष्याचे अंतर मोजतो. सॅम्युअल रॉसेल या शास्त्रज्ञाने १९८३ साली ही गोष्ट सिद्ध केली. त्याने किड्याच्या डोळ्यांपुढे लोलक बसविले. त्यामुळे भक्ष्य होते त्याहून निराळ्या अंतरावर भासू लागले, आणि किड्याने भासणाऱ्या अंतरावर झडप घातली. पुढे २०१६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी या किड्यास मधमाश्यांच्या मेणाने चिकटविलेला चिमुकला रंगीत चष्मा लावून पडद्यावरील चित्रे दाखविली. पडद्याच्या पुढे आल्यासारखे भासणारे चित्र टप्प्यात येताच किड्याने त्यावर झडप घातली.

या किड्याचा कानही असाच अपूर्व आहे. अनेक जातींत छातीच्या खालच्या बाजूस, मध्यभागी, एकच कान असतो. माणसास ऐकू न येणारे अतिशय उंच स्वर त्यास ऐकू येतात. वटवाघळे रात्री शिकार करताना अशाच स्वरांचा उपयोग करतात. उडणारा किडा ते स्वर ऐकताच एकदम दिशा बदलून खाली झेप घेतो व वाचतो. शिकारी हाही दुसऱ्या कोणाची तरी शिकार असतो, हे यावरून मुलांस कळते.

पाणविंचवास वटवाघळाचे भय नाही, परंतु त्यास दुसरे एक ज्ञान हवे असते. पाण्यात आपण किती खोल आहोत व आपले शरीर कोणत्या बाजूस कलले आहे हे न कळले, तर त्याची नळी पृष्ठभागापर्यंत पोहोचणार नाही. त्याच्या उदराच्या खालच्या बाजूस पाण्याच्या दाबातील फरक ओळखणारी इंद्रिये असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो हा अंदाज घेतो. त्याच्या शृंगिका मात्र आखूड असून डोक्याखाली दडलेल्या असतात. खंडोबाच्या किड्याच्या बारीक लांब शृंगिका सहज दिसतात, पाणविंचवाच्या शोधाव्या लागतात. “सगळ्या कीटकांना मिशा असतात, मग याच्या कोठे आहेत?” असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याचे कौतुक करावे. त्याने पाठ केलेली यादी प्रत्यक्ष पाहण्याशी ताडून पाहिली आहे.

अंडी व पिल्ले

खंडोबाच्या किड्याची मादी अंडी घालताना शरीरातून फेस सोडते. त्या फेसात अंडी बसतात, फेस वाळून कठीण होतो आणि काडीवर, भिंतीवर किंवा दगडावर चिकटलेले एक पुडके तयार होते. एका पुडक्यात डझनांनी, कधी शेकड्यांनी अंडी असतात. शाळेच्या कुंपणावर अशी पुडकी शोधण्याचे काम मुले आनंदाने करतात. वेळ आली म्हणजे पुडक्यातून चिमुकली पिल्ले बारीक धाग्यांना लोंबकळत बाहेर पडतात. काही जातींची नवजात पिल्ले मुंग्यांसारखी दिसतात.

पाणविंचवाची मादी पाण्याच्या कडेच्या ओल्या मातीत, शेवाळात किंवा वनस्पतींच्या मऊ भागांत अंडी घालते. अंडे आत रुतलेले असले तरी त्याच्या टोकास बारीक तंतू असतात. ते बाहेर राहतात व त्यांच्या योगे अंड्यासही हवा मिळते. काडीसारख्या रॅनॅट्राच्या अंड्यास असे दोन तंतू असतात, तर चपट्या पाणविंचवांच्या अंड्यांस अधिक. जी अडचण प्रौढास, तीच अंड्यास. आणि उपायही त्याच धर्तीचा.

पिल्लांच्या वाढीत मात्र दोघांचे पुन्हा साम्य आहे. दोघांचीही पिल्ले आरंभापासून आईबापांसारखी दिसतात. फक्त पंख नसतात. कात टाकीत टाकीत ती मोठी होतात. पाणविंचवाचे पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते. फुलपाखराप्रमाणे अळी, कोश व नंतर फुलपाखरू अशी अवस्थांतरे येथे नाहीत. फुलपाखराचा पाठ झालेल्या वर्गास हा फरक मुद्दाम दाखवावा.

खरे नातेवाईक कोण?

आता राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे वळावे. पाय इतके सारखे, मग हे दोघे एका कुळातले काय? याचे उत्तर तोंडावरून मिळते. खंडोबाच्या किड्याचे जवळचे आप्त म्हणजे झुरळ व वाळवी. ही सर्व चावून खाणारी मंडळी आहेत. पाणविंचवाचा आप्त म्हणजे ढेकूण. सोंड खुपसून रस शोषणाऱ्या ढेकूण, मावा, तुडतुडे इत्यादी कीटकांच्या मोठ्या गणात त्याची गणना होते.

ही माहिती सांगितल्यावर वर्गात हसू उसळेल. साधूसारखा दिसणारा झुरळाचा भाऊबंद निघावा आणि विंचवासारखा दिसणारा ढेकणाचा, हे मुलांस खरे वाटत नाही. परंतु नाते हत्यारावरून ठरत नसून एकंदर शरीररचनेवरून ठरते, हे येथे समजावून द्यावे. दोन वेगवेगळ्या गावच्या लोहारांनी एकमेकांस न पाहता अडकित्ता घडविला तरी तो साधारण एकाच आकाराचा होतो, कारण सुपारी फोडण्याचे काम एकच असते. त्याचप्रमाणे दबा धरून भक्ष्य पकडण्याचे काम दोन वेगळ्या कुळांस करावे लागले आणि लाखो वर्षांच्या ओघात दोघांचेही पुढचे पाय एकाच आकारास आले. यात लोहारासारखा कोणी बेत करणारा नसतो. ज्यांचे पाय पकडीस थोडे अधिक योग्य होते ते अधिक जगले व त्यांची संतती वाढली, असे पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले. पक्ष्याचा पंख व वटवाघळाचा पंख ही याच गोष्टीची मुलांस परिचित असलेली दुसरी जोडी होय.

भीती कोणती खरी, कोणती खोटी?

पाणविंचू दिसला की मुले ओरडतात व दगड उचलतात. त्यांस केवळ “भिऊ नका” असे सांगून भागत नाही, कारण विंचवाची भीती मुळात खोटी नाही. कोकणात व महाराष्ट्राच्या इतर भागांत लाल विंचवाच्या दंशाने अनेक मुले दगावली आहेत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा या दंशावर होणारा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. तरीही विंचू चावल्यास मुलास ताबडतोब दवाखान्यात नेणे हाच मार्ग आहे. मंत्र व झाडपाला यांत वेळ दवडणे प्राणावर बेतू शकते.

म्हणून मुलांस खरा विंचू व पाणविंचू यांतील भेद ओळखता आला पाहिजे. विंचवास चालण्याचे आठ पाय असतात, तो कोळ्याच्या कुळातला आहे, कीटक नव्हे. त्याची शेपटी सांध्यासांध्यांची असून ती पाठीवर वळते आणि टोकास विषाची नांगी असते. पाणविंचवास सहा पाय असतात, त्याची नळी सरळ असून वळत नाही व तिच्यात विष नसते. मात्र तो अगदी निरुपद्रवी आहे असेही सांगू नये. हातात घट्ट धरला तर तो सोंडेने चावतो व त्याची वेदना चांगलीच होते. खंडोबाच्या किड्यास विष नसते, तरी चिडविल्यास तोही काट्यांचे पाय मारतो व कधी चावतो.

पाठीवर अंड्यांचे थर वाहणारा आणखी एक चपटा पाणकीटक आपल्या तळ्यांत असतो. तोही पाणविंचवाच्याच गणातला आहे, परंतु त्यास लांब नळी नसते. ती अंडी वाहणारा नर असतो. मुलांनी तो पाणविंचू म्हणून आणला तर हा भेद दाखवावा.

शेतकऱ्याचे मित्र म्हणावे काय?

पाठ्यपुस्तकांतून व भाषणांतून कीटकांची मित्र व शत्रू अशी वाटणी केली जाते. या दोन कीटकांविषयी सांगताना थोडी सावधगिरी हवी. खंडोबाचा किडा पिकावरील नाकतोडे, पतंग व इतर कीटक खातो, त्याचप्रमाणे मधमाशी व फुलपाखरूही खातो. भूक लागली तर स्वतःच्या जातीचा किडाही खातो. मादी कधी कधी नरासही सोडीत नाही. पाणविंचू डासांच्या अळ्या खातो, तशीच बेडकांची पिल्ले व माशांची बारीक पिल्लेही खातो. टप्प्यात जे येईल ते तो धरतो. तो शेतकऱ्याची मैत्री करीत नाही व वैरही करीत नाही.

तथापि शिवारात असे शिकारी असणे शेतकऱ्याच्या हिताचे असते. ते निरनिराळ्या कीटकांची संख्या आवाक्यात ठेवण्यास हातभार लावतात. अनेक प्रकारच्या कीटकांस मारणारे औषध वारंवार फवारले तर किडीबरोबर तिचे भक्षकही मरतात. कीड लवकर वाढते, भक्षक सावकाश वाढतात. त्यामुळे काही वेळा फवारणीनंतर कीड पूर्वीपेक्षा अधिक होते. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत असेच घडले आणि तेथील शासनाने १९८६ साली भातपिकावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. तेथील भक्षक मुख्यतः कोळी व काही कीटक होते, परंतु तत्त्व तेच आहे. ज्या मुलाने एक पाणविंचू तासाभरात किती अळ्या खातो हे स्वतः मोजले आहे, त्यास हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वर्गात करावयाचे काम

१. कीटक आणण्यासाठी मुलांस एकटे तळ्यावर किंवा ओढ्यावर पाठवू नये. पावसाळ्यात काठ निसरडे असतात. शिक्षकाने स्वतः जावे किंवा मोठ्या माणसांसह उथळ काठाशीच थांबावे.

२. पाणविंचू हाताने उचलू नये. चहाची मोठी गाळणी किंवा जुन्या मच्छरदाणीचे जाळे पुरेसे आहे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत चार बोटे तळ्याचेच पाणी, थोडा चिखल व एक-दोन पाणवनस्पती ठेवाव्यात. नळी पृष्ठभागास टेकण्यासाठी वनस्पतीचा आधार लागतो. तळ्याचे पाणी हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

३. खंडोबाच्या किड्यासाठी बरणीत एक उभी काडी ठेवावी व तोंडास विरळ कापड बांधावे. रोज कापडावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. एका बरणीत एकच किडा ठेवावा. दोन ठेवल्यास सकाळी एकच सापडण्याचा संभव असतो.

४. मोजलेल्या डासांच्या अळ्या पाणविंचवाच्या बरणीत सोडाव्यात व तासातासाने उरलेल्या अळ्या मोजून तक्ता करावा. शेजारी तितक्याच अळ्या असलेली, पाणविंचू नसलेली दुसरी बरणी ठेवावी. दोन्ही बरण्यांची तोंडे विरळ कापडाने बांधून ठेवावीत, म्हणजे डास बाहेर पडणार नाहीत. दुसरी बरणी कशासाठी ठेवली, याचे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

५. वहीच्या पानावर दोन स्तंभ आखावेत : ‘पाहिले’ आणि ‘वाटले’. ‘शेपटीचे टोक पाण्यावर टेकलेले होते’ हे पहिल्या स्तंभात जाईल. ‘तो शेपटीने डंख मारतो’ हे दुसऱ्यात. दुसऱ्या स्तंभातील वाक्य खोडून टाकावयास सांगू नये. पाहिलेल्या गोष्टी पुरेशा जमल्या की मुले ते आपण होऊन दुरुस्त करतात, आणि असे दुरुस्त केलेले वाक्य त्यांच्या कायमचे ध्यानात राहते.

६. गावात या दोन कीटकांस कोणकोणती नावे आहेत व त्यांविषयी काय समजुती आहेत, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून यावे. त्या समजुतींची थट्टा होऊ देऊ नये. प्रत्येक समजुतीपुढे ती पाहून कशी पडताळता येईल, एवढेच लिहावे.

७. दोन दिवसांनी दोन्ही कीटक जेथून आणले तेथेच सोडून द्यावेत. उरलेल्या अळ्यांचे पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे. टाचणीने टोचून संग्रह करण्याची प्राथमिक वर्गांत आवश्यकता नाही.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

(अ) खंडोबाचा किडा व पाणविंचू यांच्या पुढच्या पायांचे चित्र काढून सारखे भाग दाखवा.

(आ) पाणविंचू पाण्यात राहतो, मग तो माशासारखा श्वास घेतो काय? कशावरून?

(इ) नाकतोडा खाल्ल्यावर खंडोबाच्या किड्याच्या बरणीत काय उरते? अळी खाल्ल्यावर पाणविंचवाच्या बरणीत काय उरते? हा फरक का पडतो?

(ई) तळे आटू लागले तर पाणविंचू काय करील? त्याच्या शरीरावर काय आहे ते पाहून उत्तर द्या.

(उ) खरा विंचू व पाणविंचू यांतील तीन भेद सांगा. खरा विंचू चावल्यास प्रथम काय कराल?

(ऊ) पाण्यात दिसणाऱ्या आणखी एका कीटकाचे नाव सांगा. तो काय खातो हे कसे शोधून काढाल?